जून १८९७ : एकाच महिन्यातील दोन राजोत्सव

१.
जून १८९७ मध्ये, जेमतेम दहा दिवसांच्या अंतराने, महाराष्ट्रात दोन राजसत्तांचे वार्षिक स्मरण झाले. पहिले २२३ वर्षांपूर्वीच्या रायगडावरील राज्याभिषेकाचे, दुसरे लंडनमध्ये ६० वर्षांपूर्वी गादीवर बसलेल्या राणीचे. पहिल्या उत्सवातील भाषणांवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. दुसऱ्या उत्सवाच्या रात्री पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या. आणि त्याच वर्षी राजद्रोह म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना जो खटला ऐकावा लागला, तो पुण्यामुंबईचा नव्हता. तो आष्ट्याच्या शेजारच्या इस्लामपुरातून आला होता. राजोत्सव आणि साम्राज्य यांच्या नात्याची ही गोष्ट.

२.
आधी भूगोल. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत, सांगली–इस्लामपूर रस्त्यावर आष्टा हे गाव आहे. आष्ट्याचे थोरात हे मराठेशाहीतील नामांकित सरदार घराणे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमधली सीमा ठरली, तीही याच परिसरात. आज आष्टा सांगली जिल्ह्यात असले, तरी इंग्रजी अमदानीत हा सारा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. म्हणून या गोष्टीत जिथे जिथे ‘सातारा जिल्हा’ येईल, तिथे आष्टाही त्यात आहे असे समजावे.

३.
६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. तोवर त्यांच्या ताब्यात किल्ले होते, सैन्य होते, महसूल होता. पण आदिलशाही आणि मोगल दरबाराच्या लेखी ते एका सरदाराचे बंडखोर पुत्रच होते. राज्याभिषेकाने हा प्रश्न मिटवला. अभिषिक्त राजाने दिलेली सनद ही कोणा सुलतानाच्या मर्जीवर उभी नसते. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन या सोहळ्याला नजराणा घेऊन हजर होता, ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे; कारण पुढे दोनशे वर्षांनी नजराणे उलट्या दिशेने जाऊ लागले.

४.
त्या दिवसाचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे ‘राज्याभिषेक शक’. महाराजांनी नवी कालगणना सुरू केली. मराठी राज्याच्या अधिकृत पत्रांवर ‘राज्याभिषेक शक’ असा आकडा पडू लागला आणि दर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तो एकाने वाढू लागला. गावच्या पाटलाकडे आलेल्या साध्या इनामपत्राच्या माथ्यावरही, राज्य कधी सुरू झाले आणि ते अजून चालू आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी लिहिलेल्या असत. वर्धापनाचा वेगळा सोहळा नसला, तरी कागदावर रोजच वर्धापन होत होते.

५.
ही गणना साताऱ्याच्या गादीने पुढे नेली. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे तिथे झगडले. दरम्यान प्रतापसिंहांचे धाकटे बंधू शहाजी महाराज १८४८ मध्ये वारले. त्यांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून त्याने घेतलेले हे पहिले मोठे राज्य. राज्याभिषेक शकाची सातारकर गादी संपली आणि तिच्या जागी कलेक्टरचा जिल्हा आला.

६.
१८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीने स्वतःकडे घेतला. इंग्रजी सत्तेला आता चेहरा मिळाला आणि चेहरा आला की त्याचे उत्सवही आले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया ‘कैसर-ए-हिंद’ झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये दुष्काळाने गावे ओस पडत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे या दरबारास गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, गेले. ते जन्माने सातारकर. रेशमी पोशाखांच्या त्या गर्दीत ते हातकताईच्या जाड्याभरड्या खादीत उभे राहिले. १८७२ पासून ते स्वदेशीचे व्रत पाळत होते. दरबारात त्यांनी मानपत्र दिले. पण अंगावरच्या कपड्यानेही एक निवेदन दिले.

७.
पुढचा टप्पा १८८७ चा, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचा. राज्यारोहणाची खरी तारीख २० जून. पण हिंदुस्थानात जून म्हणजे उकाडा आणि पावसाची सुरुवात. म्हणून इथला सोहळा १६ फेब्रुवारीला उरकण्यात आला. मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाला राणीचे नाव मिळाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. शहरांत दिव्यांची आरास, शाळांत खाऊवाटप, नगरपालिकांची मानपत्रे हा कार्यक्रम ठरलेला असे. ज्युबिलीचा पैसा आणि राजनिष्ठेचे शब्द स्थानिक पुढाऱ्यांकडूनच यायचे. साम्राज्याने फक्त तारीख पुरवायची.

८.
या मानपत्रांच्या प्रवाहात एक वेगळा सूर १८८८ मध्ये उमटला. २ मार्च रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. तिथे जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. जडजवाहिऱ्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे राणीची खरी प्रजा नव्हे, खरी प्रजा खेड्यात आहे आणि तिला शिक्षण हवे आहे, हे आपल्या आईला सांगावे, अशा आशयाचे ते बोलले. इंग्रजी राज्याविषयी फुले आणि टिळक यांची भूमिका फार वेगळी होती. तरी राजोत्सवाचा मंच प्रजेची बाजू मांडण्यासाठी वापरायचा, ही युक्ती दोघांचीही.

९.
इथे एक बाब स्पष्ट करायला हवी. कर, शिस्त आणि आज्ञापालन या गोष्टी कोणतेही राज्य मागते. ज्युबिली त्याहून जास्त मागत होती. तिला प्रेम हवे होते. मानपत्रांची भाषा पाहिली, तर त्यात ‘राणी माता’ आणि ‘लेकरे’ असे नाते पुनःपुन्हा येते. कर भरणारा माणूस मनातून नाराज असला तरी राज्य चालते. पण उत्सवात नाराज माणूस खटकतो. जो दिवा लावत नाही, तो दिसतो. राजोत्सवाने निष्ठेला अशी दृश्य कसोटी लावली. पुढच्या दहा वर्षांत हीच कसोटी न्यायालयात पोहोचली.

१०.
आता दुसरा उत्सव. १८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या ग्रंथात रायगडावरील समाधीच्या दुर्दशेचे वर्णन केले. एका परकीयाने ही खंत व्यक्त करावी, हे अनेकांना लागले. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याचे आवाहन केले. लहानसहान वर्गण्या, अगदी विद्यार्थ्यांच्या आण्या-पैशांच्याही, जमू लागल्या. १८९६ मध्ये रायगडावर शिवउत्सव झाला. गणेशोत्सवाला धर्माचे छत्र होते. शिवउत्सवाच्या केंद्रस्थानी मात्र उघडपणे एक राजा होता आणि त्याचे राज्य गेलेले होते.

११.
१८९६ च्या अखेरीस दोन संकटे एकदम आली. पाऊस न झाल्याने दुष्काळ आणि मुंबईत सुरू होऊन पुण्यापर्यंत पसरलेला प्लेग. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड यांना आणण्यात आले. ते येण्यापूर्वी सातारा जिल्ह्यात सहायक कलेक्टर होते. १८९४ मध्ये वाईला मशिदीसमोर वाद्ये वाजवण्याच्या प्रकरणात त्यांनी प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात धाडले होते आणि त्या निकालाने त्यांचे नाव सातारा–पुणे भागात कडक अधिकारी म्हणून गाजले होते. मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या शिपायांनी पुण्यात घरोघरी झडत्या घेतल्या. रोगी शोधण्याच्या नावाखाली देवघरे, माजघरे, स्त्रियांची तपासणी या साऱ्यावरून शहर धुमसत होते.

१२.
अशा वातावरणात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जवळ आली. १२ जून १८९७ पासून पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. कीर्तन, पोवाडे, खेळ आणि व्याख्याने असा त्याचा थाट होता. प्रा. चिंतामण गंगाधर भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले. महाराजांवर खुनाचा आरोप ठेवता येत नाही, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय होता. समारोप करताना टिळकांनी गीतेचा आधार घेतला. निष्काम बुद्धीने, लोककल्याणासाठी केलेल्या कृत्याचा दोष कर्त्याला लागत नाही आणि थोरांची कृत्ये सामान्य दंडसंहितेच्या पट्टीने मोजता येत नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १५ जूनच्या ‘केसरी’त या उत्सवाचा वृत्तांत छापून आला. सोबत महाराज समाधीतून उठून आपल्या राज्याची अवस्था पाहतात, अशा कल्पनेची एक कविताही होती.

१३.
इतिहासाचा विषय म्हणून पाहिले, तर हे सर्व १६५९ च्या घटनेविषयी होते. पण राज्याभिषेकाच्या दिवशी सांगितलेला इतिहास केवळ इतिहास राहत नाही. ज्या राज्याचा आरंभ साजरा होतो, ते राज्य आज कुठे आहे, हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उभा राहतो. राणीच्या उत्सवात उत्तर समोर असते, राणी स्वतःच. रायगडच्या उत्सवात मात्र सिंहासन रिकामे असते आणि त्या रिकाम्या जागेला कोणी जबाबदार असावे लागते. सरकारी अनुवादकांनी १५ जूनचा अंक याच नजरेने वाचला.

१४.
२२ जून १८९७. लंडनच्या रस्त्यांवरून हीरकमहोत्सवाची मिरवणूक निघाली. वसाहतींचे पंतप्रधान, देशोदेशींच्या पलटणी आणि हिंदुस्थानी संस्थानिकांचे प्रतिनिधी तिच्यात सामील होते. कॅनडाचे पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए त्या वर्षीच्या सोहळ्याचे विशेष पाहुणे ठरले. कॅनडा साम्राज्यात होता, पण १८६७ पासून त्याचे स्वतःचे मंत्रिमंडळ आणि कायदेमंडळ होते. त्याच संध्याकाळी पुण्यात गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी आणि रोषणाई होती. ही वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

१५.
मेजवानीहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर दामोदर हरी चापेकर यांनी रँड यांच्यावर गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर बाळकृष्ण चापेकर यांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलै रोजी वारले. दिवस ठरवून निवडला होता. त्या रात्री सर्व अधिकारी गणेशखिंडीत जमणार, हे जगजाहीर होते. राणीच्या प्रतिमेशी दामोदर यांचा सामना पहिल्यांदा होत नव्हता. मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालणारेही आपणच, असे त्यांनी आपल्या जबानीत नोंदवले. पुढे १८९८ आणि १८९९ मध्ये दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे तिघे चापेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले.

१६.
सरकारचे पाऊल दोन दिशांनी पडले. एकीकडे मारेकऱ्यांचा शोध आणि पुण्यावर जादा पोलिसांचा दंड. दुसरीकडे वृत्तपत्रे. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या नियमान्वये खटल्याविना अटकेत ठेवण्यात आले. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. खुनात सहभागाचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला नाही. आरोप १५ जूनच्या अंकाबद्दल होता. म्हणजे राज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत आणि ती कविता, हेच पुरावे.

१७.
कलम होते १२४-अ. याचा प्रवास मजेदार आहे. मेकॉलेच्या समितीने दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये सादर केला आणि त्यात हे कलम होते. राणी गादीवर आली तेही १८३७ मध्येच. १८६० मध्ये दंडसंहिता मंजूर झाली तेव्हा मात्र हे कलम गळाले आणि १८७० मध्ये ते पुन्हा घालण्यात आले. त्याचा गाभा एका शब्दात आहे. कायद्याच्या मराठी भाषांतरात त्याला ‘अप्रीती’ म्हणतात. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा. पण अप्रीती म्हणजे काय? द्वेष? बंडाची चिथावणी? की केवळ प्रीती नसणे?

१८.
न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी टिळकांच्या खटल्यात ज्यूरीला याचे उत्तर दिले. अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव आणि त्यात सरकारविषयीचा द्वेष, वैर, तिरस्कार, कोणत्याही प्रकारची वाईट भावना येते, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश. बंड झाले की नाही, हा मुद्दाच उरला नाही. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्युबिलीने जे प्रेम मागितले होते, त्याचा अभाव आता शिक्षेस पात्र ठरला.

१९.
आता गोष्ट वाळवा तालुक्यात येते. इस्लामपुरातून ‘प्रतोद’ नावाचे वृत्तपत्र निघत असे. प्रतोद म्हणजे चाबूक. तालुक्याच्या गावातला छापखाना, आसपासच्या गावांतले वर्गणीदार आणि मोजका खप, अशा पत्रांची ती पिढी. हीरकमहोत्सवाच्या वर्षी या पत्रात एक लेख आला. विषय होता कॅनडा आणि शीर्षकाचा अर्थ होता ‘स्वतंत्र होण्याची तयारी’. राणीच्या मिरवणुकीत ज्या देशाला मानाचे स्थान मिळाले, त्या देशाचे लोक आपला कारभार आपण पाहण्याच्या मार्गावर आहेत आणि हिंदुस्थानचे लोक मात्र कुठे आहेत, अशी तुलना त्यात होती. रायगड नाही, अफजलखान नाही, गीता नाही. फक्त साम्राज्याच्या एका लेकराकडे दुसऱ्या लेकराने पाहिले होते.

२०.
साताऱ्याच्या सत्र न्यायालयात ‘प्रतोद’च्या संपादक आणि मालकावर १२४-अ खाली खटला चालला. हवा तापलेली होती. गणेशखिंडीतल्या गोळ्यांचा आवाज अजून विरला नव्हता आणि रँड हे साताऱ्याचेच जुने अधिकारी. संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गणेशखिंडीत कोणीही इस्लामपूरचा नव्हता, लेखात कोणाला मारा असे म्हटलेले नव्हते, तरी टिळकांना मिळालेल्या शिक्षेच्या कितीतरी पट मोठी शिक्षा एका तालुक्याच्या पत्राच्या संपादकाला मिळाली. मोठ्या नेत्यामागे देशभरातून वकील आणि निधी उभा राहतो. लहान गावचा संपादक एकटा असतो.

२१.
अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ते तीन न्यायाधीशांपुढे आले. मुख्य न्यायाधीश फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘राणी-सम्राज्ञी विरुद्ध रामचंद्र नारायण’ या नावाने अजून वाचला जातो. पार्सन्स यांनी म्हटले की अप्रीती म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव किंवा नावड नव्हे. या शब्दाचा अर्थ राजकीय दुरावा, प्रस्थापित सरकारविषयी द्रोहाची भावना असा विशेष आहे. रानड्यांनीही तोच धागा पकडला. नुसता स्नेहाचा अभाव पुरेसा नाही. सत्तेला झुगारून देण्याकडे नेणारी, किंवा लोकांना गुप्तपणे तिच्यापासून तोडणारी, प्रत्यक्ष विरोधी भावना असावी लागते, असे त्यांचे मत होते.

२२.
आरोपी सुटले नाहीत. दोष कायम राहिला, शिक्षा मात्र फारच कमी झाली. पण स्ट्रॅची यांनी काही आठवड्यांपूर्वी जो दरवाजा सताड उघडला होता, तो इस्लामपूरच्या खटल्याच्या निमित्ताने निदान अर्धा लोटला गेला. राज्यकर्त्यावर प्रेम नसणे आणि राज्याशी द्रोह करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उच्च न्यायालयाच्या पीठावरून सांगितले गेले. सांगणाऱ्यांपैकी एक रानडे होते. तीनच वर्षांनी, १९०० मध्ये, याच न्यायाधीशांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी राज्य म्हणजे लुटारूंची टोळी नव्हती, त्यामागे समाजाच्या सर्व थरांतली जागृती होती, हे त्या ग्रंथाचे प्रतिपादन. उत्सवात जे सांगता येत नव्हते, ते त्यांनी ग्रंथात सांगितले.

२३.
सरकारने अर्धा लोटलेला दरवाजा तसा राहू दिला नाही. १८९८ मध्ये १२४-अ मध्ये दुरुस्ती झाली. द्वेष आणि तिरस्कार हे शब्द कलमात आले आणि अप्रीतीमध्ये वैराच्या सर्व भावनांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण जोडले गेले. याच वेळी दोन समाजांत वैर पसरवण्याविषयीचे कलम १५३-अ जन्मले. याच राजद्रोहाच्या कलमाने १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडले. १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी या कलमाच्या मर्मावर बोट ठेवले. प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही, हा त्यांच्या निवेदनाचा मुद्दा होता. पंचवीस वर्षांपूर्वी रानड्यांनी न्यायाधीशाच्या संयत भाषेत त्याच्या जवळपास जाणारे काही म्हटले होते.

२४.
राजोत्सव थांबले नाहीत. २ डिसेंबर १९११ रोजी पाचवे जॉर्ज मुंबईत उतरले, त्याची खूण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभे आहे. दहा दिवसांनी दिल्लीत राज्यारोहणाचा दरबार झाला. सर्वांत विलक्षण वळण आले ते नोव्हेंबर १९२१ मध्ये. वेल्सचे राजपुत्र हिंदुस्थानात आले. काँग्रेसने बहिष्कार घातला, मुंबईत दंगे उसळले. आणि १९ नोव्हेंबरला पुण्यात, छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने, त्याच राजपुत्राच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाचा कोनशिला समारंभ झाला. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवलेला तिथला अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला.

२५.
ज्या साम्राज्याने १८९७ मध्ये रायगडच्या राजाच्या उत्सवावरून टिळकांना तुरुंगात टाकले, त्याचाच युवराज चोवीस वर्षांनी त्याच राजाच्या स्मारकाचा पाया घालत होता. यात दोन्ही बाजूंचे गणित होते. शाहू महाराजांना शिवस्मृती टिळकपक्षाच्या मक्तेदारीतून बाहेर काढून बहुजन समाजाच्या हाती द्यायची होती आणि तिला राजमान्यताही मिळवून द्यायची होती. साम्राज्याला कळले होते की या राजाशी वैर धरण्यापेक्षा त्याच्या बाजूला उभे राहणे सोयीचे. सत्तेला नकोसे असलेले स्मरण दडपता आले नाही, तर सत्ता त्याचे यजमानपद घेते.

२६.
पण यजमानपद घेऊनही निष्ठा मिळाली नाही. १९४३ मध्ये याच सातारा जिल्ह्यात, कुंडल, वाळवा आणि आसपासच्या गावांत, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. तुफान सेना आणि गावोगावची न्यायदान मंडळे यांच्या जोरावर त्याने इंग्रजी अंमल कित्येक गावांतून पुसून टाकला. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी याच फळीतले. १८९७ मध्ये या तालुक्यातल्या एका पत्राने ‘तयारी’वर नुसता लेख छापला होता. शेहेचाळीस वर्षांनी त्याच भागातली माणसे प्रत्यक्ष कारभार चालवून दाखवत होती. तिथे ना राणी होती, ना राजा. गावकीच्या पंचांसमोर बांधाचे भांडण मिटवणारा प्रतिसरकारचा निकाल कोणाच्याही राज्यारोहणाच्या सनावर अवलंबून नव्हता.

२७.
स्वातंत्र्यानंतर राज्याभिषेकाचा उत्सव मुक्त झाला. १९७४ मध्ये तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा रायगडावर शासकीय सोहळा झाला. २०२३ पासून साडेतीनशेव्या वर्षाचे कार्यक्रम झाले. आज रायगडावर दरवर्षी दोन वेळा गर्दी होते, एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. तारखेचा उत्सव खरा की तिथीचा, यावर तावातावाने वाद होतात. या वादात एक गोष्ट अनेकदा निसटते. ज्या काळात हा उत्सव करणे म्हणजे तुरुंगाची वाट होती, त्या काळात लोकांनी तो केला, कारण त्यातून त्यांना समोरच्या सत्तेला एक प्रश्न विचारायचा होता.

२८.
जून १८९७ मध्ये दोन राजसत्तांच्या दिवसांनी या मातीत एकमेकांना तपासले. एका उत्सवाने प्रजेकडे प्रेम मागितले, दुसऱ्याने प्रजेला तिच्या गेलेल्या राज्याची आठवण दिली. त्या झटापटीतून एक कायदेशीर प्रश्न उरला : राज्यकर्त्यावर प्रेम नसणे हा गुन्हा आहे का? साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर दिले आणि त्याच खटल्यात उच्च न्यायालयाने सर्वांत समंजस उत्तर शोधले. दोन्ही उत्तरे आष्ट्यापासून काही कोसांवर छापल्या गेलेल्या एका लहानशा पत्रामुळे मिळाली. ‘प्रतोद’चे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण सत्तेला निष्ठा मागता येते, प्रीती मागता येत नाही, हा भेद जेव्हा जेव्हा न्यायालयात मांडला जातो, तेव्हा त्याच्या मुळाशी इस्लामपूरचा तो खटलाही असतो.